अनुभवी माणसांसाठी ऑनलाइन धडा कसा रचावा: आठ आठवड्यांच्या एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

मी एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात काम करते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या माणसांना शाळा सोडून कित्येक वर्षे झालेली असतात, यंत्रावर त्यांचा हात बसलेला असतो आणि घरची जबाबदारी सांभाळून ती शिफ्ट करत असतात. वर्गात होणारी बहुतेक प्रशिक्षणे आम्ही ऑनलाइन नेली, आणि तेव्हापासून एक गोष्ट मला सतत खुपत होती. नोंदीत प्रत्येकाच्या नावापुढे ‘पूर्ण’ असे दिसायचे, पण कामाच्या जागी काहीच बदललेले नसायचे. एका जुन्या फिटरने तर मला सरळ विचारले होते, “मॅडम, यातले आम्हाला माहीत नसलेले नेमके कितव्या मिनिटाला आहे तेवढे सांगा, मी तिथूनच बघतो.” त्याचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

ते शोधण्यासाठी, प्रौढांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांची रचना कशी करावी हे शिकवणाऱ्या आठ आठवड्यांच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला आणि तो शेवटपर्यंत पूर्ण केला. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. मला दिसलेल्या उणिवा या प्रकारच्या पुष्कळ अभ्यासक्रमांत आढळतात, आणि असा अभ्यासक्रम निवडताना काय पाहावे हे कळणे वाचकाला एका संस्थेच्या नावापेक्षा अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. माझी कसोटी एकच होती: प्रौढ कसे शिकतात हे सांगणारा अभ्यासक्रम स्वतःच्या विद्यार्थ्यांना प्रौढ समजून वागवतो का?

सुरुवात फार चांगली झाली. पहिल्या दिवशी लॉगिन केल्यावर स्वागताचा व्हिडिओ किंवा उद्दिष्टांची यादी समोर आली नाही. समोर आले चार प्रश्न. तुम्ही सध्या कोणाला, काय शिकवता? ती माणसे कुठे अडतात? तुमचा अभ्यासक्रम ती मध्येच सोडून देत असतील तर साधारण कोणत्या टप्प्यावर? आणि या आठ आठवड्यांच्या शेवटी तुमच्या हातात कोणती वस्तू तयार असायला हवी? ही उत्तरे पुढे कुठेतरी हरवून जातील असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तिसऱ्या आठवड्यातला स्वाध्याय माझ्याच उत्तरांवर उभा होता आणि आमचे स्वाध्याय तपासणाऱ्या मार्गदर्शिकेने पहिल्या अभिप्रायातच माझ्या दुसऱ्या उत्तरातील एक वाक्य उद्धृत केले होते. शिकणाऱ्याचा अनुभव हेच साहित्य मानायचे, हे येथे तत्त्व म्हणून सांगण्याआधी कृतीतून दाखवले गेले.

दुसरा आठवडा सिद्धान्ताचा आहे आणि तो नेटका आहे. प्रौढांच्या शिक्षणासाठी वापरला जाणारा ‘अँड्रागॉजी’ हा शब्द अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने १८३३ मध्येच वापरला होता, एडुआर्ड लिंडमन यांनी १९२६ मध्ये प्रौढांचे शिक्षण विषयांभोवती नव्हे तर जीवनातील प्रसंगांभोवती बांधावे असे मांडले, आणि माल्कम नोल्स यांनी १९७० पासून या विचाराला सर्वत्र पोचवले, एवढा इतिहास दोन पानांत येतो. नोल्स यांची गृहीतके बहुतेकांना ठाऊक असतात: प्रौढाला एखादी गोष्ट का शिकायची हे आधी कळावे लागते, तो स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ पाहतो, अनुभवाची शिदोरी घेऊन येतो, कामात गरज भासली की शिकायला तयार होतो, आणि विषय शिकण्यापेक्षा अडचण सोडवण्याकडे त्याचा कल असतो. अनेक प्रशिक्षक ही यादी भिंतीवर लावून तिथेच थांबतात. या अभ्यासक्रमाने पुढे जाऊन असे सांगितले की ही गृहीतके आहेत, नियम नव्हेत. खुद्द नोल्स यांनीही १९८० च्या सुधारित मांडणीत मुलांचे शिक्षण आणि प्रौढांचे शिक्षण यांतील कडक विरोध मागे घेऊन त्यांना एकाच पट्टीची दोन टोके मानले.

यातून निघणारा व्यवहाराचा मुद्दा मला फार मोलाचा वाटला. चाळिशीतला माणूस एखाद्या पूर्णपणे अनोळखी क्षेत्रात पाऊल टाकतो तेव्हा तो नवशिकाच असतो, आणि त्याला ‘स्वतः शोधून काढा’ असे सांगणे हा त्याच्या स्वातंत्र्याचा आदर नसून त्याला वाऱ्यावर सोडणे आहे. जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेला आकलनाच्या भाराचा विचार येथे नेमका जोडला गेला आहे. हातातल्या कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या स्मृतीत एका वेळी थोडेच मावते, म्हणून नवख्याला पायरीपायरीने सोडवून दाखवलेले उदाहरण मदत करते. पण तेच उदाहरण अनुभवी माणसाला अडसर ठरते, कारण जे त्याच्या हाताला आपोआप येते त्याकडे त्याला पुन्हा लक्ष द्यावे लागते. कल्युगा, एअर्स, चँडलर आणि स्वेलर यांनी २००३ मध्ये या उलटापालटीचे सविस्तर वर्णन केले. कितव्या मिनिटापासून बघू, असे विचारणाऱ्या माझ्या फिटरला नेमका हाच त्रास होत होता. अभ्यासक्रमाने सुचवलेला उपाय साधा आहे: धड्याच्या तोंडाशी एक खरा प्रसंग ठेवा, ज्याला तो सुटला त्याला पुढे जाऊ द्या, आणि ज्याला सुटला नाही त्याच्यासाठी पायऱ्यांची वाट उघडा.

तिसरा, पाचवा आणि सहावा आठवडा हा या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. येथे प्रत्येकाने स्वतःचा एक जुना धडा आणायचा आणि तो नव्याने बांधायचा असतो. मी यंत्रदुरुस्तीपूर्वीच्या लॉकआउट-टॅगआउटचा धडा निवडला. यंत्र दुरुस्तीला घेण्याआधी त्याची वीज तोडायची, स्विचला स्वतःचे कुलूप लावायचे, नावाची चिठ्ठी टांगायची, यंत्रात साठून राहिलेली ऊर्जा मोकळी करायची, यंत्र खरोखर निष्प्राण झाले आहे याची खात्री करायची आणि मगच हात घालायचा, असे हे काम. एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली हा त्यातला मुख्य नियम. माझा मूळ धडा अडतीस मिनिटांच्या व्हिडिओचा होता. त्यात आधी व्याख्या, मग अपघातांचे प्रकार, मग कंपनीचे धोरण, मग कोणाची जबाबदारी काय, आणि प्रत्यक्ष कामाच्या पायऱ्या सव्विसाव्या मिनिटाला सुरू व्हायच्या. शेवटी दहा प्रश्न, त्यातला पहिला ‘लॉकआउट म्हणजे काय?’ असा.

स्वाध्यायासाठी चार रकान्यांचा एक तक्ता दिला होता. कामाच्या जागी काय घडायला हवे; त्यासाठी माणसाने काय करायला हवे; आज तो ते का करत नाही; आणि त्यांपैकी प्रशिक्षणाने सुटण्याजोगे काय आहे. कॅथी मूर यांनी २००८ मध्ये मांडलेल्या कृतिकेंद्री आराखड्याच्या वळणाचा हा तक्ता आहे. तिसऱ्या रकान्यात मी ‘पुरेशी माहिती नाही’ असे लिहिले आणि पाठवून दिले. दोन दिवसांनी मार्गदर्शिकेची एकच ओळ आली: “हे तुम्हाला त्यांच्यापैकी कोणी सांगितले?”

कोणीच सांगितले नव्हते. मी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती विभागात जाऊन तिघांशी बोलले. पहिल्याने सांगितले की कुलपांची पेटी स्टोअरमध्ये असते आणि रात्रपाळीला स्टोअर बंद असते. दुसरा म्हणाला की अडकलेला खोका काढायला अर्धे मिनिट लागते आणि कुलूप आणायला दहा, त्यामुळे छोट्या कामाला कोणी कुलूप लावत नाही. तिसऱ्याशी बोलताना मात्र खरी माहितीची उणीव हाती लागली. मेन स्विच पाडला की यंत्र मेले, असा त्याचा ठाम समज होता. वीज गेल्यावरही हवेवर चालणाऱ्या सिलिंडरमध्ये दाब कोंडलेला राहू शकतो आणि तो व्हॉल्व उघडून सोडावा लागतो, हे त्याच्या रोजच्या सवयीत कुठेच नव्हते. म्हणजे तीन कारणांपैकी पहिल्याचा प्रशिक्षणाशी संबंधच नव्हता. पेटी यंत्रांजवळच्या खांबावर हलवली आणि ते मिटले. माझ्या अडतीस मिनिटांपैकी कोंडलेल्या हवेविषयी एकच वाक्य होते.

नवा धडा एका प्रसंगाने सुरू होतो. शिफ्ट संपायला दहा मिनिटे आहेत. कन्व्हेयरच्या टोकाला एक खोका आडवा अडकला आहे, त्याला ढकलणारा सिलिंडर अर्धा बाहेर येऊन थांबला आहे, ऑपरेटरने मेन पाडला आहे आणि तो म्हणतो आहे, “काढा पटकन, मी स्विचजवळच उभा आहे.” तुम्ही पुढे काय कराल? पहिल्या मसुद्यात मी दोनच पर्याय दिले होते: तसाच खोका ओढायचा, किंवा सगळ्या पायऱ्या पूर्ण करायच्या. त्यावर आलेला अभिप्राय मी जपून ठेवला आहे: “चुकीचा पर्याय इतका चुकीचा आहे की तो कोणी निवडणारच नाही. वीस वर्षे काम केलेला माणूस मनापासून बरोबर समजेल असा एक चुकीचा पर्याय द्या.” मग मी मधला पर्याय लिहिला: मेनला स्वतःचे कुलूप लावायचे, चिठ्ठी टांगायची आणि खोका काढायचा. हा पर्याय निवडला की पडद्यावर ‘चूक’ असा शिक्का येत नाही. खोका मोकळा होतो आणि कोंडलेल्या हवेच्या जोरावर सिलिंडर उरलेला पल्ला पूर्ण करतो, हे दिसते. त्यानंतर दाबमापकाचा काटा दाखवला जातो आणि तो शून्यावर नव्हता हे शिकणाऱ्याच्या नजरेत भरते. सगळा धडा सात मिनिटांचा झाला.

तो मी आधी त्याच जुन्या फिटरला दाखवला. त्याने मधला पर्याय निवडला, सिलिंडर पुढे आलेला पाहिला, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “हे मी केलेले आहे. वाचलो.” मग कोणत्या यंत्रावर आणखी कुठे हवा कोंडून राहते याची तीन ठिकाणे त्याने मला आपणहून सांगितली. ती आता धड्यात आहेत. एवढ्या एका स्वाध्यायासाठी आणि त्यावरील दोन ओळींच्या अभिप्रायासाठी हा अभ्यासक्रम घेण्यासारखा आहे, असे मी कोणालाही सांगेन.

नेमक्या याच कारणासाठी चौथ्या आठवड्याने माझी निराशा केली. विषय होता ऑनलाइन व्हिडिओंचा. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-दर्शनांच्या नोंदी तपासल्या आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक वेळ (ज्याहून निम्मे लोक कमी पाहतात असा वेळ) सहा मिनिटांच्या पलीकडे जात नाही असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष आम्हाला सांगितला गेला तो बावन्न मिनिटांच्या एका अखंड ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानात. वक्ते पडद्यावरील मजकूर शब्दशः वाचून दाखवत होते, आणि त्यांच्याच स्लाइडवर रिचर्ड मेयर यांचे तत्त्व लिहिलेले होते की चित्र आणि निवेदन चालू असताना तोच मजकूर पडद्यावर पुन्हा दिला तर शिकण्याला मदत होण्याऐवजी बाधा येते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे व्याख्यान पूर्ण होईपर्यंत ‘पुढे’ हे बटण बंद ठेवलेले होते. वेग वाढवता येत नव्हता, पट्टी सरकवता येत नव्हती.

या बंद बटणाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण नोकरीतल्या प्रशिक्षणात ते जागोजागी आढळते आणि मीही ते वापरत आले आहे. त्यामागचा हेतू समजण्यासारखा असतो: माणसाने सगळे पाहिले याचा पुरावा हवा असतो. पण बटण बंद केल्याने पुरावा मिळतो तो पडदा उघडा होता एवढ्याचाच. ज्याला तो भाग येतो त्याचा वेळ जातो, ज्याला येत नाही त्याला मागे जाऊन पुन्हा पाहण्याची सोय नसते, आणि दोघांनाही एकच निरोप पोचतो की तुमच्यावर आमचा विश्वास नाही. आपल्या शिकण्याची सूत्रे आपल्या हातात असावीत ही प्रौढाची अपेक्षा दुसऱ्या आठवड्यात ज्यांनी इतक्या जिव्हाळ्याने समजावली, त्यांनीच ती चौथ्या आठवड्यात पायदळी तुडवावी याचे मला मनापासून वाईट वाटले. आमच्या तुकडीतील काही जणांनी याच आठवड्यात चर्चेत लिहिणे थांबवले.

सहा मिनिटांच्या आकड्याबद्दलही एक सावधगिरी सांगायला हवी होती. त्या अभ्यासात लोक किती वेळ पाहतात हे मोजले होते, किती शिकतात हे नव्हे. म्हणून बावन्न मिनिटांचे व्याख्यान नऊ तुकड्यांत कापले की काम झाले असे होत नाही. प्रत्येक तुकड्यानंतर शिकणाऱ्याला काही करायला मिळते का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर या अभ्यासक्रमाकडे होते, फक्त ते चौथ्या आठवड्यात नव्हते.

ते उत्तर आठवणीच्या प्रश्नांत होते. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक आठवड्याच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यांतील दोन-तीन प्रश्न यायचे. त्यांना गुण नसत आणि उत्तर लिहिल्याशिवाय खुलासा दिसत नसे. सुरुवातीला हे मला खटकले, कारण आपण विसरलो आहोत हे समोर येणे सुखाचे नसते. पण त्यामागचे संशोधन भक्कम आहे. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला तेव्हापासून विसरणे किती लवकर होते हे ठाऊक आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना उतारे दिले होते. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांत आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचून लगेच ‘समजले’ असे वाटणे किती फसवे असते हे यातून कळते. धड्याला जोडूनच दहा प्रश्न विचारून ‘उत्तीर्ण’ ठरवण्याची आमची पद्धत नेमके हेच फसवे समजणे मोजते. मी आता माझ्या सात मिनिटांच्या धड्याचे दोन प्रश्न दहाव्या आणि तिसाव्या दिवशी पुन्हा पाठवते.

आता एका अशा चुकीविषयी, जी प्रशिक्षणाच्या क्षेत्रात पुनःपुन्हा डोके वर काढते. पाचव्या आठवड्याच्या वाचनात तो प्रसिद्ध त्रिकोण होता: वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के, आणि शेवटी स्वतः केलेले ९० टक्के. हे आकडे एडगर डेल यांच्या नावावर खपवले जातात. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला खरा, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कोणीतरी चिकटवली आणि तिच्यामागे कोणतेही विश्वसनीय मोजमाप नाही. याच आठवड्यात ‘तुम्ही डोळ्यांनी शिकता, कानांनी की हातांनी?’ असे विचारणारी प्रश्नावलीही होती. पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि बियॉर्क यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधन तपासून सांगितले की शिकणाऱ्याच्या तथाकथित शैलीशी जुळणारे अध्यापन केल्याने अधिक शिकले जाते याला पुरेसा आधार नाही. मी दोन्ही गोष्टी मार्गदर्शिकेला लिहून कळवल्या. चार दिवसांत त्रिकोण काढला गेला आणि का काढला याची नोंद सगळ्यांना पाठवली गेली. चूक मान्य करण्याचा हा मोकळेपणा मला फार आवडला. प्रश्नावली मात्र अभ्यासक्रम संपेपर्यंत जागेवर होती. तिला ‘आवडीची ओळख’ असे नवे नाव तेवढे मिळाले. ज्या अभ्यासक्रमातून पुढे शेकडो प्रशिक्षक तयार होणार, त्याने हा बारकावा सोडून देऊ नये.

सहाध्यायांशी होणारा संवाद हा ऑनलाइन शिक्षणातला सर्वांत अवघड भाग, आणि येथे अभ्यासक्रमाची कामगिरी मधली आहे. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये ऑनलाइन शिक्षणातील तीन प्रकारची उपस्थिती सांगितली होती: विचारांची, माणसांची आणि शिक्षकाची. शिक्षकाची उपस्थिती येथे ठळक आहे. माणसांची मात्र आठवड्याच्या सक्तीवर सोडलेली आहे. प्रत्येकाने एक नोंद आणि दोन प्रतिसाद लिहायचे असा नियम असल्याने चर्चेत ‘छान मुद्दा मांडलात’ अशा ओळींची रांग लागायची. सहाव्या आठवड्यात मात्र नियम बदलला: तीन-तीन जणांचे गट करून एकमेकांचा धडा शिकणाऱ्याच्या भूमिकेतून पूर्ण करायचा आणि जिथे अडलो ती जागा तेवढी सांगायची. माझ्या गटात एक परिचारिका-प्रशिक्षक होत्या आणि एक हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकवणारे गृहस्थ. त्या बाईंनी माझ्या धड्यातला ‘आयसोलेटर’ (यंत्राची वीज पूर्ण तोडणारा स्विच) हा शब्द कुठेही समजावलेला नाही हे पहिल्याच वाचनात दाखवून दिले. काम नेमके असले की प्रौढ माणसे एकमेकांना किती सढळ हाताने मदत करतात हे तेव्हा दिसले. हीच रीत पहिल्या आठवड्यापासून ठेवली असती तर?

थेट सत्रे संध्याकाळी ठरलेल्या वेळी होत. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना, लहान मुले किंवा आजारी माणूस घरी असणाऱ्यांना ती वेळ पाळणे कठीण जाते. सत्रांचे ध्वनिचित्रमुद्रण उपलब्ध होते, पण त्यासोबत काही करायला दिलेले नसल्याने ते पाहणे एकट्याने दुसऱ्यांच्या गप्पा ऐकण्यासारखे वाटे. स्वाध्यायाच्या मुदतीबाबत संस्था समजूतदार होती. प्रत्येकाला कारण न सांगता दोनदा आठवडाभराची सूट घेता येत होती. मी एकदा घेतली आणि ती नसती तर कदाचित पुढचे आठवडे सोडून दिले असते. ऑनलाइन अभ्यासक्रम सोडून देणाऱ्यांविषयी आपण फार सहज ‘चिकाटी नाही’ असे म्हणतो. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्सवरील खुल्या अभ्यासक्रमांचा जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेस-वालिएन्ते यांनी २०१९ मध्ये आढावा घेतला तेव्हा २०१७-१८ मधील सर्व सहभागींपैकी ३.१३ टक्केच लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाचा पूर्ण करण्याचा हेतू नसतो हे खरे, तरीही एवढ्या माणसांच्या गळतीचा दोष केवळ त्यांच्या स्वभावावर टाकता येत नाही. आठवडा चुकल्यावर परत येण्याची वाट अभ्यासक्रमाने ठेवली होती का, हे आधी तपासावे.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सर्व व्हिडिओंना उपशीर्षके आहेत, लिखित मजकूर उतरवून घेता येतो आणि पाने मोबाइलवर नीट दिसतात. चार रकान्यांचा तो मौल्यवान तक्ता मात्र मोबाइलवर भरताच येत नाही, शेवटचा रकाना पडद्याबाहेर जातो. काही स्लाइडवर फिकट करड्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आहेत. चाळिशीनंतरच्या डोळ्यांना ती वाचता येत नाहीत.

शेवटचा आठवडा मूल्यमापनाचा आहे आणि तो घाईत उरकलेला वाटतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पातळ्या, म्हणजे शिकणाऱ्याला प्रशिक्षण कसे वाटले, तो काय शिकला, कामात त्याचे वागणे बदलले का आणि त्यातून संस्थेच्या कामात काय फरक पडला, एका पानात सांगितल्या आहेत. पण अभ्यासक्रमाने स्वतः आम्हाला जे विचारले ते फक्त पहिल्या पातळीवरचे: आवडला का, किती तारे द्याल, दुसऱ्यांना सुचवाल का. दोन महिन्यांनी एखादा प्रश्न पाठवून ‘तुमचा धडा प्रत्यक्ष चालू झाला का आणि त्याने काय बदलले?’ असे विचारायला संस्थेला काहीच अवघड नव्हते. मी ते अभिप्रायात लिहिले आहे.

माझ्यापुरते उत्तर मी शोधायला घेतले आहे. दुरुस्ती विभागाच्या नोंदवहीत पर्यवेक्षकाने दोन रकाने वाढवून दिले: कुलूप कोणी लावले, आणि हात घालण्यापूर्वी दाबमापकाचा काटा किती होता. पहिल्या आठवड्यात दुसरा रकाना बहुतेक रिकामा होता. आता तो भरला जाऊ लागला आहे, रात्रपाळीतही. काही नोंदींत शून्याऐवजी दुसरा आकडा आहे आणि त्यापुढे त्याच फिटरच्या अक्षरात लिहिले आहे: ‘हवा सोडून पुन्हा बघितले.’